एकपानी तक्ता: कामाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

प्रेसमध्ये कुठलंही काम आलं की आधी जॉब-कार्ड भरतो. काम कुणाचं, प्रती किती, कागद कोणता, द्यायचं कधी. ही वही म्हणजे तसंच एक जॉब-कार्ड. काम माझं स्वतःचं. प्रत एक. द्यायची तारीख ठरलेली नाही.

मी साताऱ्यात एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची जुळणी करते, एकोणीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बिलबुकं. गेले आठ-नऊ महिने एका पत्रिकेला तीन-तीन तास लागतात. दोनदा वधूचं नाव वराच्या जागी पडलं. पहाटे चारला जाग येते आणि उजाडेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखी पडून राहते. संध्याकाळी सहानंतर जरा बरं वाटतं. घरचे म्हणायचे थकवा आहे, मीही तेच म्हणायचे. त्याआधी दोन वर्षं डोकं जड होतं म्हणून एका दवाखान्यातून वेदनाशामक गोळ्या आणि टॉनिक आणत होते. झोप कशी लागते, उगाच रडू येतं का, हे तिथं कधीच कुणी विचारलं नाही.

गेल्या गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. थायरॉईड आणि बी-१२चे रिपोर्ट त्यांनी आधीच मागवले होते, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. ते ठीक निघाले. मग नऊ प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३. माझी बेरीज २७ पैकी १७. नैराश्य, मध्यमपेक्षा जास्त.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे मी १ लिहिला होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "असा विचार येतो तेव्हा पुढे काय येतं मनात? काही करायचं ठरवलंय का?" ठरवलं नव्हतं, तसं सांगितलं. इतक्या सरळपणे कुणी विचारलं तर भीती वाटेल असं मला वाटायचं. उलट खांदे सैल झाले. त्यांनी ह्यांना आत बोलावून माझ्यासमोरच सगळं सांगितलं. तेव्हापासून घरातली सगळी औषधं ह्यांच्या कपाटात असतात, हे रोजची एक गोळी काढून हातावर ठेवतात.

गोळी एस्सिटॅलोप्रॅम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, पुढे १०. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळेल. आपल्या मनाने बंद करायची नाही.

शिवाय आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमकडे जायचं. त्यांनी रोज काय केलं ते लिहून आणायला सांगितलं. मी म्हटलं, तक्ता मीच करून आणते. गेल्या कित्येक महिन्यांत मी आपणहून अंगावर घेतलेलं हे पहिलं काम.

२६ जून, बुधवार

आवृत्ती १ तयार. ए-४, आडवी. चौदा ओळी: पहाटे उठणे, चालणे, प्राणायाम, वाचन, आईंशी बोलणे, मुलाचा अभ्यास, पाणी आठ ग्लास, असं सगळं. वर आठवड्याचे वार. भोवती पत्रिकेची वेलबुट्टी लावली. ७० जीएसएमच्या साध्या पातळ कागदावर प्रिंट काढून फ्रिजला चिकटवला.

मळमळ आहे. चहा नको वाटतो.

१ जुलै, सोमवार

आवृत्ती १ फसली.

बुधवारी चौदापैकी पाच खुणा, गुरुवारी दोन, शुक्रवारी एक. शनिवार-रविवार कोरे. काल रात्री पाणी प्यायला उठले तर अंधारातही ते रिकामे चौकोन दिसले. पाच दिवसांचे बासष्ट रिकामे चौकोन म्हणजे बासष्ट वेळा "तुझ्याने होत नाही". तक्ता काढला, फाडला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मुलगा आवाजाने उठून आला. नववीत आहे. काही बोलला नाही. कागदाचे तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

आज कामाला गेले. एवढंच.

४ जुलै, गुरुवार

फाटलेल्या तक्त्याचं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही हा तक्ता बऱ्या माणसासाठी बनवला होता. आजारी माणसासाठी बनवा.

मग त्यांनी एका कागदावर वर्तुळ काढलं. मन खचतं, म्हणून माणूस कामं सोडतो, माणसं टाळतो. कामं आणि माणसं सुटली की बरं वाटायचे प्रसंगही सुटतात. त्यामुळे मन आणखी खचतं. वर्तुळ कुठेतरी तोडायला हवं, आणि मनाला आतून ओढून बाहेर काढता येत नाही. हात-पाय मात्र थोडे हलवता येतात. त्यांचे शब्द: "हात आधी, मन मागून. मनाची वाट बघत बसायचं नाही."

मी विचारलं, इतक्या साध्या गोष्टीने माणूस बरा होतो? त्यांनी गोव्याचं सांगितलं. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये 'संगत' या संस्थेने हीच पद्धत वापरून पाहिली. समुपदेशन करणारी माणसं डॉक्टर नव्हती, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे सगळे बरे झाले नाहीत, पण फरक मोठा आहे. मला हे आकडे ऐकून धीर आला. "सकारात्मक विचार करा" हे ऐकून कधी आला नव्हता.

६ जुलै, शनिवार

आवृत्ती २. तीनच ओळी, रोजच्या रोज हाताने भरायच्या. प्रत्येक ओळीत तीन रकाने: काय करणार; करण्याआधी काय वाटतंय, किती बरं वाटेल (० ते १०); केल्यावर प्रत्यक्षात किती वाटलं.

"आधी" आणि "नंतर"चे रकाने मॅडमनी सुचवले. वेलबुट्टी काढली.

९ जुलै, मंगळवार

तीन दिवसांच्या नोंदी:

पडदा उघडून खिडकीशी उभं राहणं. आधी १, नंतर २.
शेजारच्या वहिनींना दही द्यायला जाणं. आधी ०, नंतर ३.
राजवाड्यापर्यंत चालणं. आधी २, नंतर २.
मुलाचे बूट धुणं. आधी १, नंतर ४.

बुटांचं आश्चर्य वाटलं. लाल चिखल निघून खालचं पांढरं रबर दिसायला लागलं तेव्हा दोन-तीन मिनिटं डोक्यातलं चक्र थांबलं होतं. हे चक्र म्हणजे रवंथच. तेच तेच वर येतं, पुन्हा चघळायचं. ब्रश घासताना ते बंद होतं.

१४ जुलै, रविवार

ही नोंद लांबणार आहे. ज्याला हा आजार झालेला नाही त्याला ही गोष्ट कळत नाही, म्हणून लिहिते.

केस धुवून अकरा दिवस झाले होते. माझे केस कमरेपर्यंत आहेत. पूर्वी दर रविवारी न्हायचे, त्यात काय करायचं असतं असा कधी प्रश्नही पडला नाही. आता न्हायचं म्हटलं की पुढचं सगळं एकदम अंगावर येतं. पाणी तापवा, गुंता सोडवा, ओले केस वाळवा, पावसात ते वाळतच नाहीत, मग डोकं दुखणार. बसल्या जागीच थकायला होतं. न्हाणं राहतं. मग स्वतःचाच वास येतो, म्हणून कुणाजवळ बसवत नाही. आई मागून हाक मारतात तेव्हा मी दोन पावलं लांबून बोलते.

मॅडम म्हणाल्या होत्या, काम होत नसेल तर त्याचे तुकडे करा, आणि पहिला तुकडा इतका लहान ठेवा की नाही म्हणता येणार नाही. शुक्रवारी तक्त्यावर लिहिलं, "खोबरेल तेलाची बाटली ओट्यावर आणून ठेवणे". एवढंच. ठेवली. आधी ०, नंतर १. शनिवारी "मोठ्या दातांच्या कंगव्याने फक्त टोकांचा गुंता सोडवणे". पलंगावर बसून दहा मिनिटं. कंगव्यात केसांचा पुंजका आला, तो बोटाला गुंडाळून बघत बसले. मग आईच तेल घेऊन मागे येऊन बसल्या. न विचारता. त्यांच्या बोटांना जोर नाही आता, पण टाळूवर तेल जिरवताना त्या हळूहळू काहीतरी गुणगुणत होत्या. नंतर: ५. आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा.

आज न्हाले. शिकेकाईचं पाणी डोळ्यात गेलं. केस टॉवेलात गुंडाळून खिडकीत बसले. आधी १, नंतर ६.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. साबुदाणा केला. चातुर्मास लागला, पत्रिकांचं काम आता तुळशीच्या लग्नापर्यंत बंद. प्रेसमध्ये पतसंस्थांचे अहवाल यायला लागतील. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा उरकायच्या असतात, त्यामुळे सगळ्यांना एकदमच घाई.

मळमळ गेली. झोप साडेचारपर्यंत लागते.

१ ऑगस्ट, गुरुवार

नऊ प्रश्न पुन्हा. १२. नवव्या प्रश्नाला ०.

तक्त्याचे सव्वीस कागद मॅडमसमोर पसरून बसलो. त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?" मला प्रूफ वाचायची सवय आहे, चूक कुठे आहे ते नजरेला लगेच कळतं. तीन गोष्टी दिसल्या.

"आधी"चा आकडा जवळजवळ नेहमी "नंतर"पेक्षा कमी. म्हणजे हा आजार अंदाज चुकवतो. करण्याआधी मन जे सांगतं ते खरं निघत नाही, आणि हे मला कुणी समजावलं नाही, माझ्याच अक्षरात समोर आहे.

सकाळी अकराच्या आधीचे आकडे सगळे १, २. चारनंतरचे ३ ते ६.

आणि रविवार दुपार. चारपैकी तीन रविवारी दुपारी दोन ते पाच काहीच लिहिलेलं नाही. जेवण झालेलं असतं, सगळे झोपलेले असतात, आणि मी छताकडे बघत असते.

२ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांशी बोलले. प्रेसचे मालक. काय सांगायचं, किती सांगायचं, रात्रभर घोळत होतं. शेवटी म्हटलं, "अण्णा, माझ्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत. सकाळी डोकं चालत नाही. अकरापर्यंत मला पान-नंबर, स्कॅनिंग, जुन्या फाइली लावणं असं काम द्या. अहवालाचं प्रूफ मी चारनंतर वाचत जाईन, लागलं तर साडेसातपर्यंत थांबेन."

अण्णा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ताळेबंदात चूक गेली तर संस्था आपल्याला सोडायची नाही. तुला जेव्हा नीट दिसतं तेव्हाच वाच."

आधी ०, नंतर ७.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. भाऊ आला होता कराडहून. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला काय कमी आहे? टेन्शन घेऊ नकोस." माझ्यावर जीव आहे म्हणूनच म्हणाला. पण त्यावर काय बोलायचं ते सुचेना, गप्प बसले. काही कमी आहे म्हणून हा आजार होत नाही. मधुमेह झालेल्याला आपण "साखर घेऊ नकोस" म्हणतो आणि त्याला इन्सुलिनही देतो. मला नुसतं पहिलं वाक्य मिळतं.

तो निघाल्यावर ह्यांनी त्याला स्टँडपर्यंत सोडलं. परत आले आणि म्हणाले, "मी बोललो त्याच्याशी." काय बोलले ते मी विचारलं नाही. रात्री भावाचा फोन आला, "ताई, गोळी घेतलीस का?"

२७ ऑगस्ट, मंगळवार

आवृत्ती ३.

ए-४ मोठा पडतो. लपवता येत नाही, बरोबर नेता येत नाही. पत्रिकांच्या कव्हरचं पल्प बोर्ड कापून उरलेल्या पट्ट्या कटिंग मशीनशेजारी पडलेल्या असतात. त्यातली पिवळी घेतली आणि पोस्टकार्डाएवढी कापली. ड्रॉवरमध्ये मावते, पर्समध्ये मावते.

सगळ्यात मोठा बदल खुणेत. आत्तापर्यंत बरोबरची खूण किंवा रिकामं. म्हणजे पास किंवा नापास. आता प्रत्येक ओळीपुढे तीन गोल छापले: एक रिकामा, एक अर्धा भरलेला, एक पूर्ण. जो लागू असेल त्याला पेनाने वेढा घालायचा. अर्धी भाकरी खाल्ली तर अर्धा गोल. फिरायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले तर अर्धा गोल. अर्ध्याला जागा केल्यापासून रिकामा गोल मी जेमतेम वापरलाय.

सगळ्यात वर एक वेगळी चौकट: "अगदी वाईट दिवस". त्यात चारच गोष्टी. गोळी. तोंड धुणं. पडदा उघडणं. घरात एका माणसाला "आज बरं नाही" एवढं सांगणं. त्या दिवशी खालच्या ओळींकडे बघायचंच नाही. तक्त्याचं माप या चौकटीवरून ठरवायचं हे मला दोन महिन्यांनी कळलं. बऱ्या दिवशी तक्ता नसला तरी चालतं.

मागच्या बाजूला: मी घसरायला लागले की आधी काय होतं. फोन उचलत नाही. चहा अर्धा टाकते. एकाच वाक्यावर अडकते. पहाटेची जाग पुन्हा चारवर येते. यातलं पहिलं मला सुचलं, चहाचं ह्यांनी सांगितलं. त्याखाली ह्यांचा, भावाचा आणि डॉक्टरांचा नंबर, आणि टेलि-मानसचा १४४१६. सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला, पैसे पडत नाहीत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर १८ पॉइंट ठळक केला. रडताना बारीक अक्षर दिसत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. पुरणाचा घाट घालायचा नाही, दोनच भाज्या करायच्या असं आधीच ठरवलं होतं, तरी जावांसमोर अवघडले. संध्याकाळी आईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. मोहऱ्यांनी आजार जातो असं मला वाटत नाही आणि गोळीची वेळ त्यांनीच आठवली हेही खरं. पण ती मूठ तोंडावरून फिरवताना त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. तक्त्यावर लिहिलं: आधी ३, नंतर ६.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नऊ प्रश्नांची बेरीज ८.

२२ सप्टेंबर, रविवार

रविवार दुपार रिकामी ठेवायची नाही म्हणून कासला गेलो, चौघंही. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. बहर ऐन भरात. तेरडा, सीतेची आसवं, पठारभर जांभळा-गुलाबी रंग, वर ढग उतरलेले.

मला काहीच वाटलं नाही.

हे लिहिणं जरुरीचं आहे. आधी ७ लिहिलं होतं, नंतर २. फुलं सुंदर आहेत हे समजत होतं, जसं आकडे बरोबर आहेत हे समजतं. आत काही हललं नाही. आणि ते हललं नाही याचीच भीती बसली, की पुन्हा सुरू झालं. परतीच्या वाटेवर ह्यांनी टपरीवर गाडी थांबवली. पाऊस आला. पत्र्याखाली उभं राहून कणीस खाल्लं, मुलाने माझ्या कणसाला त्याच्या कणसावरचं लिंबू चोळून दिलं. तिथे ४.

मॅडमना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, मोठ्या आनंदाची परीक्षा घेऊ नका इतक्यात. आनंद परत येतो तो बारीकसारीक गोष्टींतून, आणि सगळ्यात शेवटी येतो. कणीस लिहिलंत ना? मग झालं.

७ ऑक्टोबर, सोमवार

बाइंडिंगच्या मावशी आज माझ्या टेबलाशी आल्या. "ह्ये रोज काय भरतीस गं तू?" सांगितलं. बराच वेळ उभ्या राहिल्या. "मलाबी असंच हुतंय. जेवाण जात न्हाई, रातचं नुसतं टक्क डोळं. पर मला कुठं वाचाया येतंय."

माझ्या कार्डावर सगळी अक्षरंच. हे डोक्यातच आलं नव्हतं.

दोघींनी बसून आवृत्ती केली, खरं तर त्यांनीच केली. कोरं पिवळं कार्ड, चार कोपरे. एक उठून तोंड धुण्याचा, एक जेवणाचा, एक अंगणातल्या तुळशीला पाणी घालण्याचा, एक कुणाशीतरी बोलण्याचा. अर्धं झालं तर कोपरा दुमडायचा, पुरं झालं तर कात्रीने छाटायचा. आयुष्यभर पानं मोडण्यात हात गेलेत त्यांचे. दुमड अशी काटेकोर की रेघ मारल्यासारखी.

कोणता कोपरा कशाचा ते लक्षात कसं ठेवायचं, तर एका कोपऱ्याला सुईने भोक पाडलं आणि तिथून मोजायचं.

पण कार्डाने भागणार नाही हेही सांगितलं. गुरुवारी सकाळी दोघी सिव्हिलला जाऊ, मानसोपचाराच्या ओपीडीत. केसपेपर मी काढते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. गोळ्या सुरू झाल्या मावशींच्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "डाक्टरनी इचारलं, जीव द्यावा वाटतो का म्हनून. मी म्हनलं, वाटायचा. येवढं कुनी इचारलंच नव्हतं."

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नोंदी राहिल्या. निवडणूक जाहीर झाल्यापासून पत्रकांचा पाऊस. प्रत्येकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या तपासून टाकायची, त्यात चूक चालत नाही. रात्री दहापर्यंत प्रेसमध्ये. हे गावी गेले होते, गोळ्यांची पट्टी माझ्याकडे देऊन. शनिवार ते मंगळवार, चार दिवस गोळी राहिली. पहिल्या दिवशी विसरले. नंतरच्या तीन दिवशी विसरले नाही, "बरं वाटतंय की" असं म्हणून टाळली. खरं ते लिहिते.

मंगळवारी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. चक्कर. काल पहाटे चारला जाग. आज चहा अर्धा टाकला, आणि टाकताना कार्डाची मागची बाजू आठवली.

२७ ऑक्टोबर, रविवार, रात्री

१४४१६ लावला. पावणेबारा वाजले होते. हे शेजारी झोपले होते, त्यांना उठवायचं धाडस होईना. कुणा बाईंनी उचलला. मी नीट बोलू शकले नाही. त्यांनी घाई केली नाही. तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का, घरात कोण आहे, त्यांना उठवू शकाल का. वीसेक मिनिटं बोलणं झालं. शेवटी त्या म्हणाल्या, फोन ठेवायच्या आधी नवऱ्याला उठवा, मी थांबते. उठवलं. "अहो, उठता का जरा," एवढंच म्हणाले. ते उठून बसले आणि दिवा लावला.

"अगदी वाईट दिवस"ची चौथी गोष्ट. पूर्ण गोल.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. डॉक्टरांनी मधली वेळ दिली. नऊ प्रश्नांची बेरीज १३. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं की गोळी कशी चुकली, आणि ते टाळायला काय करता येईल. पट्टी पुन्हा ह्यांच्याकडे, हे बाहेरगावी गेले तर आईंकडे. गोळी अचानक बंद केल्याने चक्कर आणि ते करंट येतात, पुन्हा सुरू केल्यावर कमी होतील. आणि पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने घ्यायची, मग त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. हे जूनमध्येही सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही. तेव्हा बहुतेक काहीच डोक्यात जात नव्हतं.

म्हणून आवृत्ती ४मध्ये मागच्या बाजूला हेही छापणार.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी गेली. फराळ विकतचा. आकाशकंदील मुलाने केला, पल्प बोर्डाच्याच पट्ट्यांचा. आकडे ३, ३, ४, २, ५, ४.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीची लग्नं सुरू, आणि पहिली पत्रिका आजच आली. वाईची पार्टी. वधूचं नाव वधूच्या जागी. तीन वेळा वाचलं, मग अण्णांना दाखवलं, मग पुन्हा वाचलं. पन्नास मिनिटं लागली.

आवृत्ती ४ छापायला लावली. अण्णांनी विचारलं किती काढू. मी म्हटलं वीस. त्यांनी प्लेट लावली आहे तर दोनशे काढतो म्हणाले, कात्रणाचाच कागद आहे. कापून झाल्यावर त्यातली दोन त्यांनी आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

या आवृत्तीत "आधी-नंतर"चे आकडे फक्त एका ओळीला ठेवलेत. रोज तीन-तीन आकडे घालणं म्हणजे स्वतःवर सतत पाळत ठेवल्यासारखं व्हायला लागलं होतं. मॅडमना पटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नऊ प्रश्नांची बेरीज ७. मावशी दुसऱ्यांदा सिव्हिलला एकट्या जाऊन आल्या. त्यांच्या कार्डाचे कालचे तीन कोपरे छाटलेले, एक दुमडलेला. दुमडलेला कोणता ते भोकापासून मोजून पाहिलं. जेवणाचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला जाग. थंडी पडली आहे. निकालाचे फटाके काल रात्रभर वाजत होते, तरी झोप बरी.

दुपारी दोन वाजता भाऊ येणार आहे, त्याच्याबरोबर टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जायचं ठरलंय. पायऱ्या सगळ्या झाल्या नाहीत तर अर्ध्यातून परत, ते त्याला आधीच सांगून ठेवलंय.

आजचं कार्ड आत्तापर्यंत: गोळी, पूर्ण. पडदा, पूर्ण. केस, अर्धा. तेल लावून ठेवलंय, न्हाणं उद्या.